शास्त्र सोडून

"देव न्हाई म्हनतो, आन् देवाच्या बोअरवर आंघोळ करून राहिला," रूथबाई म्हणाल्या, आणि घागरींची सगळी रांग हसली.

मामा चर्चच्या मागच्या धुण्याच्या दगडावर उकिडवा बसून डोक्याला साबण लावत होता. डोळे मिटलेले, कानांत फेस. त्याला ऐकू गेलं नसावं असं मला वाटलं. पण तो तसाच डोळे मिटून म्हणाला, "मावशी, बोअर देवाचा असंल. मोटर आमच्या दाजींनी बसवलीय. मी दाजींच्या पाण्यानं आंघोळ करून राहिलो."

"आन् खाली पानी कुनी ठिवलं?"

"बेसाल्टनं."

रूथबाईंनी शेजारच्या बाईकडे बघितलं. "ह्यो बेसाल्ट कोन? आपल्या मंडळीतला हाय का?"

मी मामाचा टॉवेल धरून उभी होते. हसू आलं ते टॉवेलमध्येच दाबलं. चार माणसांत मोठ्यानं हसायची मला सवय नव्हती, बोलायची तर नव्हतीच.

यंदा नांदेडला त्या उन्हाळ्यासारखीच पाणीटंचाई आहे. मी इथं एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते आणि कॉलनीतल्या एका खोलीत भाड्यानं राहते. मार्च सरायच्या आत घरमालकांचा बोअर आधी गुरगुरायला लागला, मग नुसती हवा सोडायला लागला. आता टँकर येतो. परवा खाली कुणीतरी तापलेल्या फरशीवर लाल साबणानं कपडे घासत होतं. तापल्या दगडावर साबण वाळतो त्याला एक वास असतो, थोडा औषधासारखा, थोडा करपल्यासारखा. तो नाकात गेला आणि मी जिन्यातच थांबले. उदगीरचं मिशन कंपाउंड, चर्चची मागची भिंत, मामाच्या कानांतला फेस. तो उन्हाळा मला असा तुकड्यातुकड्यानं आठवतो, आणि सगळे तुकडे शेवटी एकाच रविवारी जाऊन थांबतात.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षीचा तो उन्हाळा. मामा लातूरच्या एका मराठी शाळेत शिक्षक होता. त्याच्या गल्लीत नळ म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला नुसता एक लोखंडी तुकडा झाला होता. मामीला आणि मुलांना त्यानं नांदेडला तिच्या माहेरी पाठवून दिलं होतं. परीक्षांची कामं होती म्हणून तो एकटाच मागे राहिला. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मळके कपडे पिशवीत भरून तो उदगीरची बस धरायचा. आमच्याकडे यायचा, कपडे धुवायचा, आंघोळ करायचा, जेवायचा, पपांशी भांडायचा आणि रविवारी संध्याकाळी दोन कॅन भरून परत जायचा. कंपाउंडची विहीर कधीच आटली होती, पण चर्चमागचा बोअर, देव जाणे कसा, धरून होता. 'देव जाणे' हे मी अजून म्हणते. मामासुद्धा म्हणतो, आणि म्हटल्यावर जीभ चावतो.

त्याच उन्हाळ्यात उदगीर जिल्हा होणार म्हणून गावभर बॅनर लागले होते. चौकात, बस स्टँडवर, किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. रांगेत पाण्याखालोखाल तोच विषय असायचा. "जिल्हा झाला की नळाला रोज पानी येतंय म्हनं," रूथबाई म्हणायच्या.

"मावशी, लातूरला जिल्हा होऊन किती वर्षं झाली," मामा म्हणायचा. "त्यांना विचारा पाण्याचं."

"तुला तर कशावरच इतबार न्हाई, भावा. ना देवावर, ना जिल्ह्यावर."

मामाचं नाव शमुवेल. देवाची हाक ऐकू आलेल्या मुलाचं ते नाव, रविवारच्या शाळेत आम्हाला सगळ्यात आधी शिकवलेल्या गोष्टींतलं. पपांना ही आयती संधी होती. "नाव शमुवेल, आन् हाक ऐकू येत न्हाई," ते म्हणायचे.

"हाक आली असती तर ओ दिली असती, दाजी. मी काय बहिरा नाही."

पपा वायरमन होते. आयुष्यभर खांबावर चढून त्यांची मांडी जराशी वाकडी झाली होती आणि बोटांच्या टोकांना स्पर्शच उरलेला नव्हता. गरम तवा ते सहज सरकवायचे. मंडळीत, म्हणजे चर्चच्या माणसांत, त्यांचा शब्द चालायचा. संध्याकाळी कडुनिंबाखाली बाज टाकली की वाद सुरू व्हायचा, आणि मी ओट्यावर प्रवेशपरीक्षेचं पुस्तक घेऊन बसायची. पान उलटायला विसरले की आई आतून खोकायची.

"तार दिसते," पपा म्हणायचे. "वीज दिसते का कुणाला? म्हणून काय वीज न्हाई?"

"टेस्टर लावला की दिसते. देवाचा टेस्टर आणा, मी आत्ता हात जोडतो."

"प्रार्थना हाच टेस्टर."

"मग तुमच्या टेस्टरचा दिवा लागला न्हाई तरी तुम्ही लाइन हाय म्हणता. असा वायरमन मी ठेवला नसता."

पपा हसायचे. त्यांना वाद आवडायचा, हे मला उशिरा कळलं. मंडळीत त्यांच्याशी कुणी वाद घालत नसे. एकदा मामानं विचारलं, की सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला तर पहिल्या दिवशी उजेड कुठून आला. मी पुस्तकावरून मान वर केली, कारण हाच प्रश्न लहानपणी मलाही पडला होता आणि मी तो गिळला होता. पपांनी जरासुद्धा विचार केला नाही.

"घरात बल्ब लावायच्या आधी लाइन यावी लागती का न्हाई? आधी लाइन, मग बल्ब."

मामा बाजेवर आडवा होऊन हसला. "तुम्ही देवाला बी वायरमन करून टाकलं."

"असंलच. त्याला कुठल्या कामाची लाज न्हाई."

या हसण्याखाली दुसरं काहीतरी होतं. ते आईकडे बघितलं की दिसायचं. आई कधी वादात पडली नाही. तिचा धाकटा भाऊ, तिनं कडेवर खेळवलेला. एके काळी तोच आमच्या चर्चमध्ये लहान मुलांना शिकवायचा, त्याचा आवाज गाण्यात सगळ्यात वर लागायचा. मग तो शिकायला बाहेर गेला, आणि परत आल्यावर एका रविवारी साक्ष द्यायला उभा राहिला.

साक्ष म्हणजे आमच्याकडे उपासनेतली एक वेळ असते. पाळकसाहेब विचारतात, कुणाला साक्ष द्यायची आहे? मग कुणीतरी उठतं आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगतं. ताप उतरला, नोकरी लागली, हरवलेली म्हैस सापडली. लोक आमेन म्हणतात. मामा उठला तेव्हाही लोकांची आमेनची तयारी झाली होती. तो म्हणाला, "मला आता विश्वास वाटत नाही. खोटं गायचं नाही म्हणून सांगून राहिलो." आणि खाली बसला. मी तेव्हा आईच्या मांडीवर होते म्हणे. मला त्यातलं काही आठवत नाही, पण ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की त्या दिवशीचा उकाडासुद्धा मला माहीत आहे. त्या दिवसापासून झोपताना आई सगळ्यांची नावं घेऊन प्रार्थना करायची आणि शेवटचं नाव शमुवेलचं असायचं. ते नाव घेताना तिचा आवाज खाली जायचा, पोटात दुखणारा माणूस कण्हताना जातो तसा.

आणि त्या उन्हाळ्यात माझं दृढीकरण होतं. बाळपणी बाप्तिस्मा होतो तेव्हा आईबापांनी आपल्या वतीनं वचन दिलेलं असतं. मोठं झाल्यावर ते स्वतःच्या तोंडानं सर्वांसमोर म्हणायचं असतं. पाळकसाहेब विचारतात, विश्वास ठेवतेस का? आपण म्हणायचं, होय, ठेवते. दोन शब्द. आईनं माझ्यासाठी मोतिया रंगाचा ड्रेस शिवायला टाकला होता. पाणी नव्हतं तरी अस्तराचं कापड ती दोनदा धुवून आकसून घेत होती.

ते दोन शब्द माझ्या तोंडून निघतील का, हे मला माहीत नव्हतं. ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती.

माझं असं होतं की मी शिकले इंग्रजीत आणि प्रार्थना केली मराठीत. शाळेत पृथ्वीचं वय लिहायचं, माशाला पाय कसे फुटले ते आकृती काढून दाखवायचं, पूर्ण गुण घ्यायचे. घरी येऊन सहा दिवसांत झालेल्या जगाबद्दल आभार मानायचे. मला त्यात काही अडचण वाटत नव्हती. एक गोष्ट एका भाषेत राहत होती, दुसरी दुसऱ्या भाषेत, आणि दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या. शब्दसुद्धा वेगळे होते. शाळेत सायन्स. घरात शास्त्र, म्हणजे बायबल. पवित्र शास्त्र हे पूर्ण नाव, पण घरच्या माणसाला पूर्ण नावानं कोण हाक मारतं? शास्त्र आण, शास्त्र जमिनीवर ठेवू नको, शास्त्राच्या मध्ये ते पत्र कुणी घातलं.

आणि मामा मराठी शाळेत शास्त्र शिकवायचा. अगदी लहान असताना मी आईला विचारलं होतं, मामा देव मानत नाही तर मुलांना शास्त्र कसं शिकवतो? आईनं माझ्या वेणीला पेड घालता घालता उत्तर दिलं होतं, "ते शास्त्र वेगळं."

त्या उन्हाळ्यात मामा दर शनिवारी यायला लागला आणि इंग्रजीतल्या सगळ्या गोष्टी मराठीत बोलायला लागला. जेवताना, भाकरीचा तुकडा मोडता मोडता, उत्क्रांती म्हणायचा. माझ्या दोन खोल्यांमधला दरवाजा त्यानं असा येता जाता उघडा टाकला. मला त्याचा राग यायचा. आणि शुक्रवार आला की मी त्याची वाट बघायची.

पावसासाठी मंडळीनं उपास-प्रार्थना ठेवली, त्या शनिवारचा वाद मात्र वेगळ्या वळणावर गेला. पपा दिवसभर उपाशी होते. मामा समोर बसून चहा पीत होता, आणि ते बरं दिसत नव्हतं.

"दोन वर्षं मागून राहिलात," मामा म्हणाला. "तो नाही म्हणतोय, हे कळत नाही का?"

"नाही, हे बी उत्तरच असतंय."

"हो आलं तर उत्तर, नाही आलं तर उत्तर, आणि काहीच आलं नाही तर ते बी उत्तर. असा पेपर माझ्याकडे आला तर मी काय तपासू, दाजी?"

"तुझं शास्त्र तरी पाऊस आणतंय का?"

"आणत नाही. येणार नाही हे तर सांगतं. तुमचं तेवढं बी सांगत नाही. शेजारची म्हातारी माझ्याकडे तांब्या घेऊन येते, तिला मी काय सांगू, देवाची परीक्षा चालू हाय म्हणून?"

 पपांच्या हातात वायरचा एक तुकडा होता, तो ते बोटाभोवती गुंडाळत राहिले. शेवटी उठले आणि म्हणाले, "तुझ्यासाठी आंघोळीचं पाणी काढून ठेवलंय." भांडणात हरलेल्या माणसाचा आवाज नव्हता तो. थकलेल्या माणसाचा होता. मामानं उरलेला चहा कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतला.

त्यानंतर थोड्या वेळानं तो माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसला. आई आत भाकऱ्या थापत होती. लाइट गेलेली होती, खिडकीतून चुलीचा उजेड येत होता.

"एस्तू, तू काय म्हणणार आहेस त्या दिवशी?"

"होय म्हणतात सगळे."

"सगळे काय म्हणतात ते नाही विचारलं."

मी पुस्तकात बोट घालून ते मिटलं. मला म्हणायचं होतं की माहीत नाही. मला विचारायचं होतं की तू बोलून खाली बसलास त्यानंतर तुला कसं वाटलं, एकटं वाटलं का, गाणं सोडणं जमलं कसं.  मामा स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "माझं सांगू? शास्त्र सोडून माझा कशावरच विश्वास नाही."

भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

तेवढ्यात लाइट आली, बोअरची मोटर धडधडत सुरू झाली आणि बायका बादल्या घेऊन पळाल्या. मामा पुढे म्हणाला, "आणि शास्त्रावर बी, रोज तपासून." पण हे वाक्य फक्त मला ऐकू आलं. आत भाकरीचा आवाज पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा हलका आणि भराभर.

दुसऱ्या दिवशी मामा सकाळच्याच बसनं गेला होता. उपासनेत पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे? आणि माझी आई उठली. माझ्या आठवणीत ती कधी साक्षीला उठली नव्हती. तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि समोरच्या बाकाला धरलं.

"माझा भाऊ शमुवेल तुम्हा सगळ्यांना माहीत हाय. इथंच उभा राहून तो काय बोलला ते बी माहीत हाय. काल त्यानं माझ्या पोरीला सांगितलं, शास्त्र सोडून माझा कशावरच विश्वास नाही. मी माझ्या कानानं ऐकलं."

आमेन इतक्या मोठ्यानं झालं की खिडकीतली कबुतरं उडाली. रूथबाई रडत होत्या. आईच्या शेजारच्या बायकांनी तिचे हात धरले होते आणि आई हसत होती, दात दिसतील असं, तोंडावर पदर न घेता. मी पुरुषांच्या बाजूला बघितलं. पपा छताच्या पंख्याकडे बघत होते. लाइट नव्हती, पंखा बंद होता.

पाळकसाहेब म्हणाले, पुढच्या रविवारी एस्तेरचं दृढीकरण आहे, तेव्हा शमुवेलभाऊंनीही पुढं येऊन तिच्याजवळ उभं राहावं. हरवलेला घरी येतो तेव्हा घरानं दार उघडायचं असतं.

आईला दोन्ही शास्त्रं माहीत होती. तिनंच मला सांगितलं होतं. मग ऐकताना असं कसं झालं, यावर मी आजही विचार करते. मायक्रोस्कोपखाली काच ठेवल्यावर पहिल्यांदा सगळं धूसर दिसतं आणि त्या धूसरपणात आपल्याला हवं ते दिसायला लागतं. मग आपण स्क्रू फिरवतो. आईला तो फिरवायचा नव्हता. इतकी वर्षं एकच वाक्य ऐकायची वाट बघितलेल्या माणसाला ते ऐकू आलं, यात नवल ते काय.

त्याच आठवड्यात गावात फटाके वाजले. जिल्हा झाला म्हणून. चौकात पेढे वाटले, आमच्या कंपाउंडपर्यंत डबा आला, रूथबाईंनी पेढा कपाळाला लावून खाल्ला. संध्याकाळपर्यंत कळलं की तसं काही झालेलं नाही, कुणीतरी काहीतरी ऐकलं होतं. पण वाटलेले पेढे कोण परत घेणार? दुसऱ्या दिवशी रस्त्यावर फटाक्यांचा लाल कागद पडलेला होता, आणि झाडणाऱ्या बाईनं तो झाडून घेतला.

शनिवारी मामा आला. मी टॉवेल घेऊन त्याच्यामागे बोअरवर गेले. रांगेतल्या बायकांनी त्याला वाट करून दिली.

"सलाम, शमुवेलभाऊ. तुमची बादली आधी लावा."

"का? मी मागून लावतो की."

"लावा हो. दगड बी धुवून ठिवलाय," रूथबाई म्हणाल्या. आज त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती आणि त्यामुळेच मामा गोंधळला.

"काय झालं मावशी, आज बेसाल्टला विसरलात का?"

"आता कशाला थट्टा करता, भाऊ. तुमच्या भैनीनं साक्ष दिली की. शास्त्र सोडून कशावर इतबार न्हाई म्हनालात म्हनं. मी तर म्हनलं, बघा, आटलेल्या बोअरला पानी लागलं."

मामाच्या हातात तांब्या होता. तो त्यानं भरलेल्या बादलीत हळूच सोडला. माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मग त्यानं बादली उचलून रूथबाईंच्या घागरीत ओतली, शर्ट अंगात घातला आणि आंघोळ न करताच घराकडे चालायला लागला.

पपा मीटरच्या फळीजवळ फ्यूज बदलत होते. मामा त्यांच्या अगदी जवळ जाऊन बोलला. मी दोन पावलं मागे होते.

"तुम्हाला माहीत होतं, दाजी? मी कुठलं शास्त्र म्हणालो ते?"

"माहीत होतं."

"मग बोलला का नाही?"

पपांनी फ्यूज बसवला, झाकण लावलं. "वाढताना तुझी ताई गुणगुणून राहिली. तू ऐकलंस कधी? मी लग्नानंतर थोडे दिवस ऐकलं होतं. मग एकदम आत्ता."

"खोट्यावर?"

"तू सांग तिला. आत हाय. मी काय तुझा हात धरला न्हाई."

"खोटी साक्ष देऊ नको, हे तुमच्याच शास्त्रात हाय ना?"

"हाय," पपा म्हणाले. "म्हणून तर तिच्यापुढं जेवायला बसवंना."

मामा आत गेला. मला वाटलं, आता संपलं. स्वयंपाकघरात आईनं कपाटाच्या वरच्या फळीवरून त्याचं लहानपणचं शास्त्र काढून पुसून ठेवलं होतं, काळ्या रेक्झिनचं, कोपरे झिजलेलं. ताटात शेवयांची खीर होती. त्या उन्हाळ्यात दूधही मोजून मिळत होतं.

"अरे, आंघोळ न्हाई केलीस? पाणी गेलं का?" आईनं विचारलं.

मामानं त्या काळ्या पुस्तकाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "हाव ताई," तो म्हणाला, "पाणी गेलं." आणि खाली बसून खीर खायला लागला.

खोटं गायचं नाही म्हणून सगळी मंडळी सोडलेला माझा मामा. खाऊन झाल्यावर तो बाहेर आला, ओट्यावर माझ्याजवळ बसला आणि बराच वेळ हाताचा वास घेत राहिला, तुपाचा. "उद्या पाळक बोलावतील," तो म्हणाला. "मी काय करू, एस्तू?" सगळ्या प्रश्नांची उत्तरं असलेला माणूस मला विचारत होता.

पपा आता निवृत्त झाले. मामा अजून उदगीरला जातो, लातूरला पाणी असलं तरी जातो. दोघं बाजेवर बसून भांडतात, मामाला ऐकू कमी येतं म्हणून आता जास्तच मोठ्यानं, आणि पपा त्याला म्हणतात, "बघ, आता तर खरंच हाक ऐकू यायची न्हाई तुला." उदगीर अजून तालुकाच आहे. रूथबाई गेल्या. माझ्या दृढीकरणाच्या रविवारनंतर आई माझ्याशी कितीतरी दिवस फक्त कामापुरतं बोलली. पण पुढच्या शनिवारी मामाची बादली तिनं स्वतः भरून ठेवली, टॉवेलही स्वतः नेऊन दिला. मी घरी गेले की तिच्याजवळ झोपते. ती अजून सगळ्यांची नावं घेते. शेवटी, आवाज खाली जातो तिथं, पूर्वी एक नाव असायचं. आता दोन असतात. मी डोळे मिटून ऐकते. तो तिचा अधिकार आहे आणि मला तो हवासुद्धा आहे, हे मी मामाला सांगितलेलं नाही.

त्या रविवारी चर्च भरलं होतं. आम्ही तीन मुली समोर उभ्या होतो. मोतिया ड्रेस मला काखेत टोचत होता. आई पहिल्या बाकावर होती, मांडीवर मामाचं काळं शास्त्र घेऊन. मामा सगळ्यात मागे, चपलांच्या ढिगाशेजारी. दोघी मुलींना विचारलं, त्या होय म्हणाल्या, आमेन झालं. मग पाळकसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवण्याआधी मान वर केली आणि प्रेमानं म्हणाले, "शमुवेलभाऊ, पुढं या. भाचीजवळ उभे राहा. तुमच्या तोंडून मंडळीला एक शब्द ऐकू द्या."

सगळ्या माना मागे वळल्या. मामा उभा राहिला, पण जागचा हलला नाही. त्यानं पुढच्या बाकाची कड धरली होती. आईसुद्धा वळली होती. मला तिचा फक्त गाल दिसत होता, आणि तो हसत होता. मामाचं तोंड उघडलं. त्याला दोनच गोष्टी बोलता येण्यासारख्या होत्या. एक त्यानं पूर्वी याच जागी तिला ऐकवली होती, आणि दुसरी खोटी होती, ती बोलला असता तर पुन्हा कधी पपांच्या समोर बाजेवर बसू शकला नसता.  बोअर नुसती हवा सोडतो तसा त्याच्या घशातून आवाज आला.

त्या चर्चमध्ये गाण्याशिवाय माझा आवाज कधी कुणी ऐकलेला नव्हता. मीसुद्धा नाही. पाळकसाहेबांनी मला काही विचारायच्या आधीच मी पहिल्या बाकाकडे बघून म्हणाले, "आई, मामा म्हणाला ते शास्त्र वेगळं. आणि मी कशावर विश्वास ठेवते, ते मला अजून माहीत नाही."